आयपॅडवर फोटो आकारात बसवणे: कोपरे आधी, कात्री शेवटी

भिंतीवरच्या चौकटीत आजीचा फोटो बसवला की तिचा चेहरा रुंद दिसू लागतो. गोल आकारात बसवलेला फोटो अंडाकृती होतो, कपावर चढवलेले चित्र कपावर छापल्यासारखे न दिसता वरून चिकटवल्यासारखे वाटते, आणि हे सगळे दुरुस्त करत बसले की फोटोच धूसर होऊन जातो. या चारही तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते: पायऱ्यांचा क्रम चुकलेला असतो. बहुतेक जण फोटो आधी हव्या त्या आकारात कापतात, मग तो ताणतात, नाही जमला तर पुन्हा ताणतात. खरे तर फोटो आयताकृती असतानाच त्याचे कोपरे जागेवर न्यायचे, तो एकदाच वाकवायचा आणि कात्री सर्वांत शेवटी चालवायची असते.

पुढील सर्व पायऱ्या आयपॅडवरील प्रोक्रिएट या अ‍ॅपमध्ये कशा करायच्या ते सांगितले आहे. अँड्रॉइड टॅबलेटवर इबिसपेंट वापरणाऱ्यांना हीच कामे पर्स्पेक्टिव्ह फॉर्म आणि मेश फॉर्म या नावांखाली सापडतील. बटणे वेगळी असली तरी क्रम तोच राहतो. समजावण्यासाठी मी तीन कामे घेतली आहेत: तिरक्या कोनातून टिपलेल्या भिंतीवरील चौकटीत फोटो बसवणे, लेकीने काढलेले चित्र चहाच्या कपावर चढवणे आणि देवनागरी अक्षरांत फोटो भरणे. पहिली दोन कामे कठीण आहेत, म्हणून त्यांवर अधिक जागा दिली आहे.

१. हात लावण्याआधीची तयारी

पहिला प्रश्न असा विचारावा की हे काम शेवटी कुठे दिसणार आहे. फोनच्या पडद्यावरच पाहायचे असेल तर लांब बाजू २००० पिक्सेलच्या आसपास असली तरी चालते. कागदावर छापायचे असेल तर प्रत्येक इंचाला ३०० पिक्सेल धरावेत. म्हणजे ८ × १० इंचांच्या छपाईला २४०० × ३००० पिक्सेल आणि ए-४ कागदाला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. कॅनव्हास (ज्यावर काम करायचे ते कोरे पान) लहान घेऊन नंतर मोठा करण्याने तपशील परत मिळत नाही, त्यामुळे हा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो. मात्र गरज नसताना प्रचंड कॅनव्हासही घेऊ नये, कारण कॅनव्हास जितका मोठा तितके उपलब्ध लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले स्वतंत्र थर) कमी होतात आणि या कामाला सहा-सात लेयर सहज लागतात.

भिंतीचा किंवा कपाचा फोटो हीच पार्श्वभूमी असेल तर गॅलरीच्या पडद्यावरील फोटो हे बटण वापरून तो थेट उघडावा. मग त्या फोटोच्या मूळ मापाचाच कॅनव्हास तयार होतो. आधी कोरा कॅनव्हास घेऊन त्यात भिंतीचा फोटो आणला, तर तो कॅनव्हासच्या मापात बसवला जातो आणि सुरुवातीलाच बारकावे गमावण्याची शक्यता असते.

जो फोटो आत बसवायचा आहे त्याची आयपॅडच्या फोटो अ‍ॅपमध्ये एक प्रत काढून ठेवावी आणि पुढचे सगळे काम त्या प्रतीवर करावे.

तपासणी: पार्श्वभूमीच्या फोटोत ज्या जागेवर नवा फोटो बसणार आहे तिचे चारही कोपरे दिसतात का? एखादा कोपरा पडद्याआड किंवा फुलदाणीमागे गेला असेल तर त्याला मिळणाऱ्या दोन कडा सरळ वाढवून तो कुठे येईल हे नवीन लेयरवर बारीक रेघांनी आताच आखून ठेवावे. अंदाजाने कोपरा धरला की पुढची प्रत्येक पायरी त्या अंदाजाइतकीच चुकत जाते.

२. फोटोचे प्रमाण आधी जुळवणे

ही पायरी सर्वाधिक लोक गाळतात आणि चेहरे रुंद होण्याचे खरे कारण इथेच असते. तिरक्या कोनातून पाहिलेली चौकट पडद्यावर अरुंद दिसते. तिची खरी लांबी-रुंदी त्या दिसण्यावरून कळत नाही. आपण कोणत्याही प्रमाणाचा फोटो घेऊन त्याचे चार कोपरे चौकटीच्या चार कोपऱ्यांवर नेले तर अ‍ॅप मुकाट्याने तो ताणून बसवते. कोपरे अचूक बसलेले दिसतात आणि चेहरा मात्र बिघडलेला असतो, त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली हे लवकर कळत नाही.

म्हणून चौकटीचे खरे माप शोधावे. चौकट घरातलीच असेल तर टेप घेऊन मोजावी. समजा ती ८ × १० इंचांची उभी चौकट आहे, म्हणजे प्रमाण ४:५. फोनने काढलेला उभा फोटो बहुधा ३:४ प्रमाणाचा असतो, उदाहरणार्थ ३०२४ × ४०३२ पिक्सेल. ४:५ साठी ३०२४ रुंदीला ३७८० उंची हवी, म्हणजे वरून-खालून मिळून २५२ पिक्सेल छाटावे लागतील. हे काम फोटो अ‍ॅपमध्येच करावे: संपादन उघडून छाटणीच्या प्रमाणांच्या यादीतून ४:५ किंवा त्याच अर्थाचे ८:१० निवडावे आणि काय कापले जाते ते स्वतः ठरवावे. डोक्यावरची मोकळी जागा कापली गेली तर बिघडत नाही. हनुवटीजवळ मात्र जागा राखावी.

इथे छाटणे आणि “कात्री शेवटी” म्हणणे यांत विरोध नाही. या पायरीनंतरही फोटो पूर्ण आयतच राहतो आणि आपल्याला त्याचे चार काटकोनी कोपरे शाबूत हवे आहेत.

सूचना: चौकटीत पुठ्ठ्याची पांढरी किनार असेल तर माप बाहेरच्या लाकडी चौकटीचे न घेता आतल्या उघड्या जागेचे घ्यावे. दोन्हींची प्रमाणे सहसा सारखी नसतात.

३. जागेचा आकार वेगळ्या लेयरवर तयार करणे

आता प्रोक्रिएटमध्ये नवा लेयर घ्यावा. सिलेक्ट साधनात फ्रीहँड निवडून चौकटीच्या उघड्या जागेच्या चारही कोपऱ्यांवर एकेकदा टेकवत जावे. बोट न ओढता नुसते टेकवले की दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ येते. शेवटी पहिल्या बिंदूवर टेकवून आकार बंद करावा. मग लेयरवर टेकवून फिल लेयर निवडले की निवडलेला भाग रंगाने भरतो. रंग कोणताही चालतो, पण राखाडी घेतला तर पुढे कडांची तपासणी सोपी जाते. या लेयरला “जागा” असे नाव द्यावे.

गोल आकार हवा असेल तर हाताने वर्तुळ काढून पेन्सिल न उचलता तशीच धरून ठेवावी, म्हणजे अ‍ॅप ते नीटनेटके करते; त्याच वेळी दुसऱ्या हाताचे एक बोट पडद्यावर टेकवले की ते पूर्ण वर्तुळ होते. बोट टेकवायला विसरल्यामुळेच अनेकांचे वर्तुळ सुरुवातीपासून किंचित लंबगोल असते आणि दोष फोटोला दिला जातो.

४. फोटो आणणे आणि खुणा आखणे

पान्याच्या चिन्हावर टेकवून अ‍ॅड विभागातून फोटो आणावा. तो आला की ट्रान्सफॉर्म (माप, जागा आणि आकार बदलण्याचे साधन) आपोआप सुरू असते. या क्षणी फोटो लहान करण्याचा मोह होतो. तो टाळून बाणाच्या चिन्हावर टेकवून ट्रान्सफॉर्म बंद करावे आणि लेयर डुप्लिकेट करून एक प्रत अदृश्य ठेवावी. दोन बोटे टेकवून मागे जाण्याची सोय भरवशाची आहे खरी, पण गॅलरीत परत गेले की मागच्या पायऱ्यांची ती नोंद पुसली जाते. जपून ठेवलेली प्रत मात्र दुसऱ्या दिवशीही हाताशी असते.

यानंतर फोटोच्या वर एक रिकामा लेयर घेऊन त्यावर तीन गोष्टी काढाव्यात: फोटोच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाणारे दोन कर्ण आणि मधोमध एक पूर्ण वर्तुळ. या लेयरला “चाचणी” म्हणावे. हे काम दोन मिनिटांचे आहे, पण फोटो बरोबर बसला की नाही हे नजरेच्या भरवशावर न सोडता ठरवण्याचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही. चेहरा पाहून विकृती ओळखणे अवघड जाते, कारण माणसांचे चेहरे वेगवेगळे असतात. वर्तुळ मात्र सगळ्यांना माहीत असते.

सूचना: चाचणीच्या रेघा फोटोच्या बाहेर जाता कामा नयेत. ट्रान्सफॉर्मची चौकट लेयरवरील सर्व रंगलेल्या पिक्सेलभोवती पडते. एखादा ठिपका चुकून दूर कुठेतरी पडला असेल तर चौकट तिथपर्यंत पसरते आणि तिचे कोपरे फोटोच्या कोपऱ्यांवर येत नाहीत. कोपरे विचित्र जागी दिसले की आधी असा ठिपका शोधावा.

५. कोपरे बसवणे: डिस्टॉर्ट

लेयरच्या यादीत फोटो आणि चाचणी हे दोन्ही लेयर उजवीकडे सरकवून एकत्र निवडावेत. फोटोची अपारदर्शकता आधीच ५०-६० टक्क्यांवर आणावी, म्हणजे खालची चौकट दिसत राहील. मग बाणाचे चिन्ह दाबून ट्रान्सफॉर्म उघडावे आणि पुढील क्रम पाळावा.

क) स्नॅपिंग बंद करावे. ते सुरू असेल तर कोपरा हव्या त्या जागेवर न थांबता कॅनव्हासच्या मध्याकडे किंवा कडेकडे उडी मारतो.

ख) इंटरपोलेशनमध्ये, म्हणजे आकार बदलताना पिक्सेल नव्याने मोजण्याच्या पद्धतींमध्ये, बायक्युबिक निवडावे. निअरेस्ट नेबर ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांसाठी ठीक असते. फोटोच्या तिरक्या कडा त्याने दातेरी होतात.

ग) युनिफॉर्म निवडून फोटो चौकटीपेक्षा थोडा मोठा राहील इतका लहान करावा आणि तिच्यावर आणून ठेवावा. या टप्प्याला फ्रीफॉर्म वापरू नये. फ्रीफॉर्म लांबी आणि रुंदी स्वतंत्रपणे ताणते आणि दुसऱ्या पायरीत मेहनतीने जुळवलेले प्रमाण एका ओढीत जाते.

घ) ट्रान्सफॉर्म बंद न करता आता डिस्टॉर्ट निवडावे. वरचा डावा कोपरा चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर, मग त्याच्या तिरकस समोरचा खालचा उजवा कोपरा त्याच्या जागी, आणि मग उरलेले दोन, या क्रमाने न्यावेत. समोरासमोरचे कोपरे आधी बसवले की फोटोचा एकूण पसारा ठरतो आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांना थोडेच सरकावे लागते. बाजूंच्या मधले बिंदू ओढू नयेत. त्यांनी पूर्ण कड सरकते आणि आधी बसवलेले कोपरे जागचे हलतात.

ङ) प्रत्येक कोपरा चौकटीच्या उघड्या जागेच्या चार-पाच पिक्सेल बाहेर ठेवावा. नेमका कडेवर ठेवला तर जुन्या फोटोची किंवा काचेमागच्या पुठ्ठ्याची केसाएवढी रेघ डोकावते. बाहेर गेलेला भाग सातव्या पायरीत आपोआप झाकला जाणार आहे. फोटो आधीच कापलेला असता तर ही मोकळीक मिळाली नसती. गोल कापलेल्या फोटोला तर कोपरेच उरत नाहीत. ट्रान्सफॉर्मची चौकट हवेत लटकते आणि तिचा कोणता कोपरा कुठे न्यायचा हे केवळ तर्काने ठरवावे लागते.

तपासणी: आता चाचणीच्या खुणा पाहाव्यात. भिंत बाजूने पाहिलेली असेल तर तिच्यावरचे वर्तुळ रुंदीपेक्षा उंच दिसायला हवे, जसे तिरक्या नजरेने भिंतीवरचे घड्याळ दिसते. ते उंचीपेक्षा रुंद दिसत असेल तर फोटोचे प्रमाण चुकले आहे. कोपरे हलवून ते दुरुस्त होणार नाही, दुसऱ्या पायरीकडेच परत जावे लागेल.

दोन कर्ण जिथे छेदतात तो फोटोचा मध्य. तो चौकटीच्या दिसणाऱ्या मध्यावर येत नाही, आपल्यापासून दूरच्या कडेकडे सरकलेला असतो, आणि तसाच असायला हवा, कारण दूरचा अर्धा भाग जवळच्या अर्ध्यापेक्षा अरुंद दिसतो. पुष्कळ जण इथे घाबरतात. आजीचे नाक मध्यावरून सरकलेले पाहून ते मध्यावर आणण्यासाठी पुन्हा ओढाताण करतात आणि बरोबर बसलेला फोटो बिघडवतात. कर्ण सरकलेले असतील तर हात काढून घ्यावा.

खात्री पटल्यावरच ट्रान्सफॉर्म बंद करावे. तोपर्यंत केलेले सगळे बदल एकाच वेळी पिक्सेलवर उमटतात. बंद करून पुन्हा उघडले की प्रत्येक वेळी पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि थोडा तपशील जातो. घरातल्या एका सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिकेसाठी मी एकदा फोटो अंगठ्याएवढा लहान करून ट्रान्सफॉर्म बंद केले होते, आणि नंतर जागा मोठी हवी म्हणून तोच फोटो वाढवला. पडद्यावर तो चालण्यासारखा वाटला. छापून आल्यावर भुवया आणि चष्म्याची वरची कड यांचा एकच काळा पट्टा झालेला होता. तेव्हापासून दुरुस्ती करायची असेल तर मी बिघडलेला लेयर टाकून देतो आणि अदृश्य ठेवलेल्या मूळ प्रतीपासून सुरुवात करतो. तसे करायला पाच मिनिटे जास्त लागतात, पण फोटो मूळ स्पष्टतेचा राहतो.

सूचना: फोटोचा जो भाग कॅनव्हासच्या बाहेर गेला असेल तो ट्रान्सफॉर्म बंद करताच कायमचा कापला जातो. नंतर फोटो आत ओढला तर तिथे सरळ कापलेली कड दिसते.

६. वक्र पृष्ठभागावर चढवणे: वॉर्प

चौकट सपाट असते, म्हणून तिला चार कोपरे पुरतात. कप, बरणी, गुंडाळलेला कागद किंवा उशीचा अभ्रा यांवर चित्र चढवताना कडाही वळवाव्या लागतात. समजा लेकीने काढलेले चित्र आहे: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली एक घर. हे चित्र पांढऱ्या कपावर चढवायचे आहे. इथे सूर्य गोलच असल्यामुळे चाचणीचे वर्तुळ वेगळे काढण्याची गरज नाही.

वॉर्पला हात लावण्याआधी कपाकडे नीट पाहावे. कप थोड्या वरून पाहिलेला असेल तर त्याचे तोंड लंबगोल दिसते आणि तळाची दिसणारी कडही वळलेली असते. नजरेच्या पातळीपासून कड जितकी खाली तितका तिचा बाक जास्त, त्यामुळे तळाचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा अधिक असतो. चित्राच्या वरच्या आणि खालच्या कडेला सारखाच बाक देणे ही या कामातली सर्वांत सरसकट चूक आहे, आणि त्यामुळेच चित्र चिकटवल्यासारखे वाटते. म्हणून नवीन लेयरवर कपाच्या तोंडाच्या पुढच्या कडेची आणि तळाच्या कडेची अशी दोन वक्र रेघा काढून ठेवाव्यात आणि चित्राच्या कडांसाठी त्यांच्या अधलेमधले बाक ठरवावेत.

दुसरी गोष्ट आडव्या दिशेची. कपाचा व्यास ८ सेंटिमीटर धरला तर समोरून दिसणारा अर्धा घेर सुमारे १२.५ सेंटिमीटर असतो, पण तो आपल्या नजरेला ८ सेंटिमीटरच्या रुंदीत दिसतो. हा संकोच सगळीकडे सारखा नसतो. मधला पाव घेर, म्हणजे सुमारे ६.३ सेंटिमीटर, ५.७ सेंटिमीटरांत दिसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना उरलेले प्रत्येकी ३.१ सेंटिमीटर मात्र जेमतेम १.२ सेंटिमीटरांत कोंबलेले असतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की चित्र मधल्या पट्ट्यातच राहणार असेल तर आडवे आकुंचन जवळजवळ न देता नुसता बाक पुरतो. चित्र कडेपर्यंत जाणार असेल तर कडेजवळचा भाग बराच दाबावा लागतो.

आता कृती. ट्रान्सफॉर्म उघडावे, युनिफॉर्ममध्ये चित्र मापात आणावे आणि बंद न करता वॉर्प निवडावे.

क) आधी चारही कोपरे कपावर नेमक्या जागी न्यावेत.

ख) मग वरच्या कडेचा मधला भाग खाली ओढून पहिल्या वक्र रेघेशी समांतर करावा, आणि त्यानंतर खालच्या कडेचा मधला भाग थोड्या जास्त बाकाने खाली ओढावा. कप वरून पाहिलेला असताना दोन्ही कडांचा बाक खालच्या बाजूलाच असतो. वरची कड वर आणि खालची कड खाली फुगवली तर कपाचा फुगा होतो.

ग) चित्र कडेपर्यंत जाणार असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड मेश (चित्रावर दिसणारी जाळी) सुरू करून तिचे आतले उभे धागे कडांकडे सरकवावेत: मधले दोन थोडे, बाहेरचे अधिक. दोन्ही बाजूंना सारखेच अंतर सरकवावे.

घ) शेवटी सूर्याकडे पाहावे. सूर्य कपाच्या मधोमध असेल तर तो जवळजवळ गोलच राहायला हवा. तो आडवा पसरट झाला असेल तर मधले धागे गरजेपेक्षा जास्त सरकले आहेत. सूर्य कडेकडे असेल तर तो उभा आणि अरुंद दिसला पाहिजे. घराच्या भिंतींनी बाहेरच्या बाजूला झुकू नये. कप खाली निमुळता असेल तर त्या खाली किंचित आत येतील, तेवढेच.

सूचना: वॉर्पमध्ये फार लहान लहान ओढी देत बसू नये. दर ओढीला शेजारचे धागे हलतात आणि दहाव्या ओढीनंतर सरळ रेघ लाटेसारखी होते. पाच-सहा ओढींत जमले नाही तर रीसेट दाबून नव्याने सुरुवात करावी. आणि राहिलेली चूक लिक्विफायने लपवण्याचा प्रयत्न करू नये. ते साधन ब्रशच्या टोकाखालचे पिक्सेल ढकलते, पृष्ठभागाचा बाक त्याला कळत नाही.

७. आता कात्री

चौकटीच्या कामात फोटोचा लेयर “जागा” लेयरच्या लगेच वर आणावा, फोटोच्या लेयरवर टेकवून क्लिपिंग मास्क (खालच्या लेयरच्या आकाराबाहेरचा भाग झाकणारी सोय) निवडावे आणि अपारदर्शकता पुन्हा १०० टक्के करावी. जागेबाहेर गेलेला चार-पाच पिक्सेलचा भाग नाहीसा होतो. तो नष्ट झालेला नसतो, फक्त झाकलेला असतो, त्यामुळे फोटो अजूनही थोडा सरकवता येतो. चाचणीचा लेयर आता पुसून टाकावा. तो फोटो आणि “जागा” यांच्या मध्ये राहिला तर फोटो जागेऐवजी चाचणीच्या रेघांमध्येच कापला जाईल आणि पडद्यावर नुसत्या बारीक पट्ट्या दिसतील. “माझा फोटो गायब झाला” असे म्हणणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत लेयरचा क्रमच असा चुकलेला असतो.

कपाच्या कानामागे चित्र जात असेल तर तिथे मास्क वापरावा: चित्राच्या लेयरवर टेकवून मास्क घ्यावा आणि कानाच्या आकारात काळ्या रंगाने रंगवावे. खोडरबर वापरू नये. खोडलेले पिक्सेल परत येत नाहीत. मास्कवर पांढरा रंग दिला की झाकलेला भाग परत दिसतो.

८. अक्षरांत फोटो भरणे

हे काम सर्वांत सोपे आहे, तरी पत्रिका आणि वाढदिवसाच्या फलकांवर ते हमखास चुकलेले दिसते. इथे फोटो ताणायचाच नसतो. अक्षरे हा आकार आणि फोटो त्याच्यावर क्लिपिंग मास्क, एवढेच काम असते. फोटो फक्त युनिफॉर्मने लहान-मोठा करावा. तो अक्षरांना पुरत नसेल तर मोठा करावा, रुंद करू नये.

टंक (फॉन्ट) जाड निवडावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंक बनवणाऱ्या संस्थेने केलेले बलू आणि मुक्ता हे देवनागरी टंक विनामूल्य मिळतात आणि त्यांची जाड वजने या कामाला योग्य आहेत. बारीक टंकात फोटोचे तुकडे पडतात आणि काहीच ओळखू येत नाही. मजकूर लिहिल्यावर जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या काळजीपूर्वक वाचून पाहाव्यात. पुष्कळ टंकांत हिंदी वळणाचा ल येतो, मराठी पाकळीचा ल हवा असेल तर ते इथेच तपासावे. खात्री झाल्यावर मजकुराच्या लेयरची एक प्रत ठेवून दुसरी रास्टराइझ करावी, म्हणजे मजकुराचे साध्या चित्रात रूपांतर करावे. त्यानंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही.

प्रत्येक अक्षरात वेगळा फोटो हवा असेल, उदाहरणार्थ “आजी” या शब्दात दोन फोटो, तर शिरोरेषा आड येते, कारण रोमन अक्षरांसारखी आपली अक्षरे सुटी नसतात. फ्रीहँडने आ आणि जी यांच्यामधून शिरोरेषेवर उभी रेघ धरून एक अक्षर निवडावे, तीन बोटे खाली ओढून येणाऱ्या यादीतून कट अँड पेस्ट करावे आणि ते स्वतंत्र लेयरवर न्यावे. काना, वेलांटी आणि मात्रा ज्या अक्षराच्या असतील त्याच्यासोबतच राहिल्या पाहिजेत. चेहरा जीच्या वळणाजवळच्या पोकळीत येणार नाही असा फोटो सरकवावा, आणि डोळे शिरोरेषेच्या बरेच खाली ठेवावेत. शिरोरेषेत कपाळ आणि केस आलेले चांगले दिसतात, डोळे आले तर चेहरा हरवतो.

९. उजेड-सावली आणि शेवटची तपासणी

पांढऱ्या कपावरच्या चित्राच्या लेयरला मल्टिप्लाय हे मिश्रण द्यावे. कपाची मूळ सावली चित्रातून दिसू लागते आणि चित्र कपाचेच वाटते. रंगीत कपावर हे करू नये, कारण कपाचा रंग चित्रात मिसळून सगळे मळकट होते. तिथे चित्र नेहमीच्या मिश्रणात ठेवून वर मल्टिप्लायचा वेगळा लेयर क्लिप करावा आणि मऊ ब्रशने कडांना हलकी सावली द्यावी. चौकटीच्या फोटोला वरच्या आणि उजेडाच्या बाजूच्या आतल्या कडेलगत बारीक मऊ सावली पुरते, कारण लाकडी कड फोटोपेक्षा पुढे असते.

मग पान्याच्या चिन्हाखालील कॅनव्हास विभागातून चित्र आडवे उलटे करून पाहावे. बराच वेळ एकाच चित्राकडे पाहून नजर सरावलेली असते. उलट्या चित्रात झुकलेली कड किंवा असमान बाक लगेच खटकतो. पाहून झाल्यावर चित्र पुन्हा सुलटे करण्यास विसरू नये, विशेषतः अक्षरे असतील तर.

निर्यातीआधी लेयरसकट मूळ प्रोक्रिएट फाइल जपून ठेवावी. आकाराबाहेरचा भाग पारदर्शक हवा असेल तर पार्श्वभूमीचा लेयर बंद करून पीएनजी काढावी. जेपीईजीत पारदर्शकता टिकत नाही आणि गोल फोटोभोवती पांढरा चौकोन येतो. छापखान्याला फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, कारण फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबून लहान केले जाते आणि पाचव्या पायरीत राखलेला सगळा तपशील छापखान्यात पोचण्याआधीच जातो.